गुरुजी दिवसा डोळे मिटतात

"गुरुजी झोपलेत," असं मी भावाला फोनवर सांगितलं तेव्हा खिडकीत अजून लख्ख उजेड होता. तो खूश झाला. "माझा आवाज आला की डोळे मिटतात ना? ऐकत असतात ते," म्हणाला. मीही हो म्हटलं. दोघांनाही ते पटलं, कारण दोघांनाही पटवून घ्यायचं होतं.

गुरुजी म्हणजे माणूस नव्हे. शॅमेलिऑन आहे तो, रंग बदलणारा सरडा. नाव भावाने ठेवलं. एक डोळा समोर आणि दुसरा मागच्या बाकांवर, पाऊल टाकायच्या आधी पुढेमागे डुलत भलामोठा विचार, आणि चेहऱ्यावर कायम "कोण बोललं रे?" असा भाव. मी सुरुवातीला त्याला पाल म्हणायचे, तर भाऊ जेवण अर्धं टाकून उठायचा. मग मीही गुरुजी म्हणू लागले आणि एकदा गुरुजी म्हटलं की अहो-जाहो आपोआप तोंडात बसतं.

मी कपडे दुरुस्त करते. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. सैल करणं, घट्ट करणं, चेन बदलणं, लोकांची पोटं सुटतात त्यावर माझं पोट चालतं. भाऊ नाटकांची प्रकाशयोजना करतो. नाटक मंडळीत त्याला सगळे उजेडभाऊ म्हणतात. घरात आम्ही दोघंच. माझं लग्न टिकलं नाही, त्याने त्या भानगडीत पाऊलच टाकलं नाही.

गेल्या वर्षी भर प्रयोगात त्याने टांगलेला एक दिवा खाली आला. नटीच्या खांद्याला लागलं. चौकशीत निघालं की दिव्याची पकड आतून आधीच तडकलेली होती, वरून कुणालाही दिसली नसती. ती नटी स्वतः घरी येऊन सांगून गेली की दादा, तुमची काही चूक नाही. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि "दिवा माझा होता," एवढंच बोलून घरी बसला. बसला तो बसलाच. दाढी करेना, दार उघडेना. मी ओरडले, रडले, अबोला धरून पाहिला. शेवटी मंडळीतला नेपथ्यवाला गाव सोडून निघाला आणि जाताना आपला शॅमेलिऑन आमच्या गळ्यात मारून गेला. मी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या आधी उठून पिंजरा मोजत होता.

त्या पिंजऱ्याने त्याला उठवलं हे मला मान्य आहे. फांद्या, पानं, पाण्याचे थेंब ठिबकत राहतील अशी नळी. गुरुजी वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचा थेंबच लागतो, नखरे काही कमी नाहीत. आणि वर दिवे, एक उबेचा, एक उन्हासारख्या प्रकाशाचा. रंगमंचावर करायचा तसाच जीव ओतून त्याने ते सगळं केलं. मग मंडळीचा फोन आला, मोठा दौरा आहे, ये. तो म्हणाला, गुरुजींचं कोण बघणार? मी म्हटलं, मी काय मेले का? आणि त्याचा विचार बदलायच्या आत त्याच्या हातात बॅग दिली.

म्हणून सांगते, मला सरड्याची काळजी नव्हती. मला भावाची होती. गुरुजींना काही झालं तर तो दौरा टाकून येईल आणि एकदा येऊन बसला की पुन्हा उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोज संध्याकाळी, प्रयोगाच्या आधी त्याचा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं असे. मजेत आहेत. त्याच्याकडे जुना बटणांचा फोन, चित्र दिसायची सोय नाही. त्याबद्दल मी त्या फोनचे मनातल्या मनात आभार मानत होते.

कारण गुरुजी मजेत नव्हते. आधी त्यांचा नेम चुकू लागला. पिंजऱ्यात नाकतोडा सोडला की पूर्वी जीभ कधी गेली आणि कधी आली कळत नसे. आता ती अर्ध्या वाटेत जाऊन लोंबायची आणि गुरुजी ती हळूहळू आत ओढून घ्यायचे, ओशाळल्यासारखे. मग त्यांनी खाणंच कमी केलं. मी समजले, विरह. माणसं करतात तशी ही जनावरंही नाटकं करत असतील, त्यातून हे नाटकवाल्याचं जनावर. मी फोन स्पीकरवर लावून भावाचा आवाज त्यांना ऐकवू लागले. ते डोळे मिटायचे. मला बरं वाटायचं.

पण बरं वाटणं टिकेना. मशीनवर बसले की उठावंसं वाटे, पिंजऱ्याशी उभी राहिले की कामं आठवत. पायडलवर पाय, नजर पिंजऱ्यावर. त्या गडबडीत बँकेत काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या पँटचा पाय मी खालून चक्क शिवून बंद केला. ते दुकानातच घालून बघायला गेले आणि पडद्यामागून आवाज आला, "बाई, पाऊल बाहेर कुठून काढायचं?" एरवी मी हसून हसून लोळले असते. त्या दिवशी मी त्यांच्यावरच डाफरले. बिचारे उसवून होईपर्यंत पडद्यामागे उभे राहिले.

ते गेले आणि पिंजऱ्यात काहीतरी धप्प झालं. गुरुजी तळाला पडले होते. फांदीवरून गुरुजी पडतात? त्यांचा तर पंजा चिमट्यासारखा, पकडली फांदी की सोडवताना माझ्या नाकी नऊ येत. आता ते वर चढायला बघत होते आणि पुढचे पाय थरथरत होते. कोपर बाहेरच्या बाजूला वाकलं होतं, जिथे वाकायला नको तिथे. रंग काळपट पडलेला. डोळे आत गेलेले, आणि मिटलेले. भावाचा फोन चालू नव्हता. घरात कुणाचाच आवाज नव्हता. मग हे काय ऐकत होते?

इतके दिवस माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी त्याचं कौतुक करत होते.

कोपऱ्यावरच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं, "मला यातलं कळत नाही, उगाच हात लावून बिघडवायचं नाही." त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या. मी शर्टांच्या खोक्याला भोकं पाडली, आत कापडाची गुंडाळी ठेवली, बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. गुरुजींना उचलून आत ठेवलं. कधी नव्हे ते त्यांनी फुत्कारही टाकला नाही. पूर्वी मी जवळ गेले तरी गाल फुगवायचे, आणि आता म्हणाल तिकडे यायला तयार. मला तेच जास्त लागलं.

बसमध्ये मी खोकं मांडीवर धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला चालकाला शिव्या. प्रत्येक सिग्नलला झाकण उघडून बघणं. शेजारच्या बाईंनी विचारलं, केक आहे का? मी म्हटलं, गुरुजी आहेत. त्या उठून मागे जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाई माझ्याहून बऱ्याच लहान, पण आवाजात दरारा. त्यांनी गुरुजींना लगेच हात लावला नाही. आधी नुसतं बघत राहिल्या, ते श्वास कसे घेतात, पाय कसे टेकतात. मग बोटाच्या टोकाने जबडा हलकेच चाचपला.

"मऊ लागतोय," त्या म्हणाल्या. "विष्ठेतला पांढरा भाग पांढराच असतो की पिवळा?"

"हल्ली पिवळा. नारिंगीच म्हणा."

"म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. दिवसा डोळे मिटतात?"

"मिटतात. मला वाटलं भावाचा आवाज ऐकून..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. "दिवसा डोळे मिटणारा शॅमेलिऑन आजारी असतो," त्या म्हणाल्या. "आणि हे प्राणी दुखणं लपवतात. आपल्याला दिसेपर्यंत पुष्कळ पुढे गेलेलं असतं."

एक्स-रे काढला. मला त्यातलं काय कळणार, पण एवढं दिसलं की हाडं असायला हवीत तिथे नुसतं धुकट काहीतरी होतं. हाडांत कॅल्शियम उरलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, पण किड्यांना कॅल्शियमची पावडर लावूनच देतो आम्ही, भाऊ सांगून गेलाय तसं. त्या म्हणाल्या, नुसती पावडर पोटात जाऊन भागत नाही, ती हाडांपर्यंत पोचायला उन्हातले अतिनील किरण लागतात. दिवा कोणता आहे?

इथे मी ताठ झाले. दिव्याचं मला विचारू नका म्हटलं. माझा भाऊ दिव्यांतलाच माणूस आहे. चांगल्यातला चांगला दिवा आणलाय, नवा कोरा, मोजूनमापून लावलेला.

"दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये काही आहे?"

"काच आहे. दुधी काच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, ते किरण काचेतून जात नाहीत. उजेड जातो. किरण वरच अडतात. इतके महिने हा प्राणी दिव्याखाली बसून अंधारातच होता म्हणा ना. कुणी बसवली काच?"

कुणी बसवली ते मला चांगलं माहीत होतं. तो दिवा पहिल्यांदा लावला तेव्हा त्याचा पांढराफटक झोत खोलीभर पसरला होता. भाऊ तोंड वाकडं करून बघत राहिला. उघडा दिवा प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा जन्माचा नियम. गुरुजींच्या डोळ्यांना टोचत असेल म्हणाला. मग कुठून कुठून फिरून ती दुधी काच आणली, कडा घासल्या, आणि पिंजऱ्यात सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा मऊ उजेड पडला. त्या दिवशी तो अपघातानंतर पहिल्यांदा शीळ घालत होता.

"मी बसवली," मी म्हणाले.

मग डॉक्टरीणबाईंनी मला चांगलं झापलं. न वाचता, न विचारता काहीतरी सुंदर करायला जाता आणि मुकं जनावर भोगतं, वगैरे. मी मान खाली घालून सगळं घेतलं. कुणी मला एवढं बोललं आणि मी गप्प बसले, असं आजवर झालेलं नाही. पण ते बोलणं त्याच्या कानावर जाण्यापेक्षा माझ्या कानावर गेलेलं परवडलं.

त्यांनी पातळ औषध दिलं, पिचकारीतून ओठांच्या कडेला थेंब लावायचा, जबडा ओढून उघडायचा नाही, हाड मोडेल. फांद्या खाली आणा, पडले तरी लागू नये. पानांवर पाणी जास्त वेळ फवारा. घरी उघड्या खिडकीत ऊन येत असेल तर ते द्या, पण सावलीही हाताशी ठेवा. आणि घरी पोचल्याबरोबर ती काच काढा. वाकलेली हाडं सरळ व्हायची नाहीत, बाकीची वाचली तर खूप झालं. वाचतील का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आठवड्याने घेऊन या, मग बोलू.

घरी आले ती थेट पिंजऱ्याशी. काच निघेना. स्क्रू कुठे दिसेना, फट कुठे सापडेना. दिसेल असं काही ठेवायचंच नाही, ही त्याची दुसरी खोड. कात्रीचं टोक घालून पाहिलं, ते मोडलं. हातोडी घेतली आणि खाली ठेवली, चुरा पडला असता सगळा पिंजऱ्यात. शेवटी गुरुजींना उघड्या खिडकीत उन्हात घेऊन बसले, पण ऊन केव्हाच भिंतीवर चढायला लागलं होतं. बसवत नव्हतं आणि उठताही येत नव्हतं. संध्याकाळ होत होती, फोनची वेळ जवळ येत होती, आणि मी मनाशी वाक्यं जुळवत होते. दिवा खराब निघाला म्हणू? कारखान्याच्या माथी मारू? पण पुन्हा "दिवा माझा होता" म्हणून तो किती महिने बसेल, हेच डोक्यात फिरत होतं.

फोन वाजला. गुरुजींना पिंजऱ्यात खालच्या फांदीवर टेकवलं आणि उचलला.

"ताई, गुरुजी कसे आहेत?"

"मजेत. अरे, ती वरची काच कशी काढायची? पुसून ठेवते म्हटलं."

"पुसायची कशाला? आत धूळ जाणारच नाही, मी कडेने पट्टी लावलीय."

"तरी पण."

मागे कुणीतरी पेट्या सरकवत होतं. "ताई," तो म्हणाला, "तू कधी पिंजरा पुसायची गोष्ट काढलेली नाहीस. काय झालंय?"

माझ्याच्याने पुढे रेटवेना. सगळं सांगितलं. एका दमात, काही न गाळता. नेम चुकला तेव्हापासून एक्स-रेपर्यंत, काच आणि किरण, सगळं. बोलताना माझाच आवाज मला लागत होता, पण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

पलीकडे पेट्यांचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, "म्हणजे दिवा माझाच."

तेच शब्द. समजूत घालायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"हो, तुझाच! काच तुझी, दिवा तुझा. आणि दिवसाउजेडी डोळे मिटलेले बघून झोपलेत झोपलेत म्हणणारी मी. तू मला विचारलं नाहीस, मी तुला खरं सांगितलं नाही. दोघांनी मिळून त्याची वाट लावली. आता रडायचं असेल तर प्रयोगानंतर रड. आधी ही काच कशी निघते ते सांग, तिने माझी कात्री मोडलीय."

मला वाटलं, फोन ठेवणार हा.

"डाव्या मागच्या कोपऱ्यावर अंगठा ठेव," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "दाब. खट् होईल. मग वर नाही, तुझ्याकडे ओढ. हळू."

फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. दाबलं. खट् झालं. काच माझ्याकडे सरकली, आणि तो उघडा पांढरा झोत पिंजऱ्यावर, भिंतीवर, माझ्या चेहऱ्यावर आदळला.

"निघाली?"

"निघाली."

"कसं दिसतंय?"

"भयानक. भगभगीत. डोळे दुखतायत."

"असू दे," तो म्हणाला. मग विचारलं, "वाचतील?"

इतक्या दिवसांची सवय. "वाचतील रे" जिभेवर आलं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. पाय वाकडेच राहणार आहेत."

मागे घंटा झाली. कुणीतरी उजेडभाऊ, उजेडभाऊ म्हणून हाका मारत होतं. आता म्हणेल, मी येतो. मला त्याची भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर मनात एक कोपरा म्हणत होता, ये बाबा, मला एकटीला हे झेपत नाही.

"ताई, उद्या मजेत आहेत म्हणू नकोस," तो म्हणाला. "जे असेल ते सांग. गेले असतील तर गेले म्हणून सांग."

"आणि मग तू?"

"मग मी प्रयोग करीन आणि त्यानंतर रडेन. तूच म्हणालीस ना." पुन्हा हाक आली. "आलो," तो कुणाला तरी ओरडला, आणि फोन बंद झाला.

मी काच हातात धरून उभी राहिले. मला इतकं हायसं वाटलं की गुरुजींच्या समोर लाज वाटली, कारण त्या बिचाऱ्यांचं काहीच सुधारलं नव्हतं. ते त्या ओंगळ उजेडात काळपट अंगाने फांदीला कसेबसे चिकटून होते. मी काच भिंतीशी टेकवून ठेवली, पिचकारी भरली आणि त्यांच्या ओठांच्या कडेला थेंब लावला.

"घ्या गुरुजी," मी म्हटलं. थेंब तिथेच राहिला. मी खुर्ची ओढली आणि बसले.